ब्रीदवाक्य जुळवताना

वनस्पतिउद्यानात झाडांच्या पाट्या लिहिण्याचे काम पाटीकर इतकी वर्षे करत आले होते, की त्यांचे खरे आडनाव आता पगारपत्रकापुरतेच उरले होते. उद्यानात ते पाटीकर होते, जिन्यात भेटणाऱ्या शेजाऱ्यांसाठी पाटीकर होते. सासऱ्यांनी तर एकदा पाकिटावरसुद्धा तेच नाव घातले होते आणि ते पाकीट विनातक्रार घरी पोहोचले होते. अर्थात यात पोस्टाच्या कर्तबगारीपेक्षा, पाटीकरांची पत्नी त्याच पोस्टात काउंटरवर बसते, या गोष्टीचा वाटा अधिक होता.

प्रत्येक पाटीवर दोन नावे असत. वर झाडाचे रोजचे, चारचौघांतले नाव आणि खाली तिरप्या अक्षरांत लॅटिन. वरचे नाव लोक वाचत. खालचे एकटे पाटीकर वाचत. जगात आपल्याशिवाय कुणीही वाचणार नाही अशा भाषेत वर्षानुवर्षे लिहीत राहिले, की माणसाच्या चालण्याबोलण्यात एक उदास ऐश्वर्य उतरते. ते पाटीकरांच्या ठायी पुरेपूर उतरले होते. आपल्याला लॅटिन येते असे ते कधी म्हणाले नाहीत. तसा विषय निघाला, की ते फक्त खाकरत.

ल्यूटमंडळाच्या बैठकीत ते असेच खाकरले, आणि पुढचे सारे रामायण त्या खाकरण्यातून घडले.

ल्यूट ज्यांनी पाहिलेले नाही (आणि या लोकांची संख्या मोठी आहे) त्यांच्यासाठी एवढे सांगणे पुरेसे आहे, की या तंतुवाद्याचे पोट उभ्या चिरलेल्या नासपतीसारखे असते आणि मान शेवटाशी एकदम मागे मोडलेली असते. जणू कुणीतरी जुन्या ओळखीचे हाक मारून गेले आणि ती मान वळून पाहताना तशीच राहिली. तारा पुष्कळ, त्याही आतड्याच्या. हवा दमट झाली की त्या रुसतात, कोरडी झाली की चिडतात आणि शेजारी कुणी शिंकले तरी उतरतात. पहिली तार जुळवून शेवटच्या तारेपर्यंत जावे, तोवर पहिली पुन्हा परकी झालेली असते. या वाद्यापाशी माणसाला जे काही कळते, ते नात्यांविषयीच कळते. संगीत हा त्यातला आनुषंगिक भाग.

मंडळाची रीत ठरलेली होती. नगरसभागृहाच्या तळमजल्यावरच्या खोलीत एका रांगेत खुर्च्या मांडायच्या. पहिल्या खुर्चीवरच्या वादकाने सूर दाखवण्यासाठी एक छोटी रचना वाजवायची. मग दुसऱ्या खुर्चीने पहिलीवरून आपले वाद्य जुळवायचे, तिसरीने दुसरीवरून, आणि असे करत जुळवणी शेवटच्या खुर्चीपर्यंत पोहोचली, की सर्वांनी मिळून वादनाला प्रारंभ करायचा. पण जुळवणी शेवटच्या खुर्चीपर्यंत पोहोचायच्या सुमाराला दारात पहारेकरी किल्ल्यांचा जुडगा वाजवत उभा राही. त्यामुळे मंडळाच्या स्थापनेपासून आजवर वादनाला प्रत्यक्ष प्रारंभ असा झालेला नव्हता. याची कुणाला खंत होती असे मात्र नाही. वार्षिक कार्यक्रमाला ठरलेले श्रोते ठरल्याप्रमाणे येत, तन्मयतेने जुळवणी ऐकत, आणि 'यंदा चौथी खुर्ची फार सुरेख जुळली' असे काहीबाही बोलत घरी जात.

पाटीकर शेवटच्या खुर्चीवर बसत. मंडळात ते सर्वांत शेवटी आले होते आणि त्यांच्यानंतर कुणी आलेच नाही.

त्यांना एकच रचना येत असे. एक छोटा, संथ, जुना नाच. एखाद्या रिकाम्या दालनातून कुणी सावकाश चालत जावे आणि दाराशी पोहोचल्यावर उगाच थबकावे, तसा. तो त्यांनी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून स्वतःच बसवला होता आणि वर्षानुवर्षे तिथेच वाजवला होता. श्रोता एकच: पत्नी, तीही पाठमोरी. हा नाच एकदा, फक्त एकदा, माणसांसमोर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवावा, एवढीच त्यांची आयुष्याकडून उरलेली मागणी होती. आणि मंडळात तसे वाजवता येई ते फक्त पहिल्या खुर्चीला.

पहिली खुर्ची अध्यक्षांची. अध्यक्ष म्हणजे दातांच्या निवृत्त डॉक्टरीणबाई. खुंटी पिळताना त्या अजूनही सवयीने 'जरा मोठा आ करा' असे पुटपुटत.

त्या दिवशी बैठकीत डॉक्टरीणबाईंनी सभागृहाच्या नव्या व्यवस्थापकांचे फर्मान सांगितले. प्रत्येक संस्थेने वार्षिक दिनापूर्वी आपल्या खोलीबाहेर फलक लावावा. फलकावर नाव असावे आणि ब्रीदवाक्य असावे. ज्यांचा फलक नसेल त्यांची खोली स्मरणशक्तिवर्धन वर्गाला देण्यात येईल.

"ते लोक मागच्या आठवड्यात खोली बघून गेले," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि काल पुन्हा बघायला आले. पहिल्यांदाच आल्यासारखे."

ब्रीदवाक्य सुचवण्यात तास गेला. शेवटी कुणीतरी दार ठोठावले, तेव्हा मंडळाचे चिटणीस, जे पेशाने घड्याळजी होते, खुंटीवरून मान न उचलता ओरडले, "जरा थांबा, जुळवतो आहोत." मग कुणाला तरी हसू फुटले आणि ते रांगेने शेवटच्या खुर्चीपर्यंत गेले. या खोलीत दर आठवड्याला न चुकता उच्चारले जाणारे वाक्य हे एकच होते. ते एकमताने मंजूर झाले. दार कुणी ठोठावले होते, हे पाहायचे राहूनच गेले.

"पण आपल्या भाषेत?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वरच्या मजल्यावरच्या गायकवृंदानं पितळी अक्षरांत लॅटिन लावलंय."

"अर्थ काय त्याचा?" घड्याळजींनी विचारले.

"ते त्यांनाही माहीत नाही. पण जिना चढताना माणूस टोपी काढतो."

याच ठिकाणी पाटीकर खाकरले.

सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. इतक्या वर्षांत शेवटच्या खुर्चीकडे इतक्या माणसांनी एकदम कधी पाहिले नव्हते. "अहो, तुम्ही तर रोज लॅटिनच लिहिता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि उत्साहाच्या भरात त्यांनी जाहीर केले, की जो कुणी हे भाषांतर करील, तो यंदाच्या वार्षिक कार्यक्रमात पहिल्या खुर्चीवर बसेल. पाटीकरांनी मान तुकवली. नाही म्हणायला त्यांच्यापाशी अर्धा क्षण होता, आणि तो त्यांनी स्वतःला पहिल्या खुर्चीवर बसलेले पाहण्यात घालवला.

घरी आल्यावर वस्तुस्थिती पुढ्यात उभी राहिली. पाटीकरांना लॅटिन येत होते, पण ते झाडांचे. त्या भाषेत वस्तू केसाळ होत्या, रुंद पानांच्या होत्या, दलदलीतल्या होत्या, दुर्गंधी होत्या. पण कुणी काही करत नव्हते. कुणी थांबत नव्हते, कुणी जुळवत नव्हते. ती एक अथांग, हिरवी, निश्चल भाषा होती. आठवडाभर खटपट करून त्यांनी 'सेरोटिना तॉर्तुओसा' इथपर्यंत मजल मारली.

"म्हणजे काय?" पत्नीने विचारले.

"उशिरा फुलणारी, पिळवटलेली."

"हे मंडळाचं वर्णन झालं. वाक्य कुठंय?"

मानी माणसाला लागलेले शब्द असे निमूटपणे आत जातात आणि तिथे मूळ धरतात.

ही गोष्ट त्यांच्या राहत्या इमारतीत पसरायला फार वेळ लागला नाही. भिंती पातळ होत्या आणि तळमजल्यावरचे औषधवाले जिन्याच्या तोंडाशीच राहत. त्यांनी पाटीकरांना दुकानाच्या फळीआड बोलावून घेतले.

"लॅटिन ना? मग एवढे दिवस माझ्याकडं का नाही आलात? डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचत केस पांढरे झाले माझे."

"'जरा थांबा, जुळवतो आहोत' हे कसं म्हणाल?"

औषधवाल्यांनी डोळे मिटले. मग गंभीरपणे म्हणाले, "अगीता आंते उसुम."

ते वाक्य पाटीकरांच्या अंगावरून वाऱ्यासारखे गेले. इतके दणदणीत, इतके प्राचीन. "याचा शब्दशः अर्थ?"

"वापरण्यापूर्वी बाटली हलवा."

"अहो, पण यात जुळवणं कुठं आलं?"

"असं शब्दाला चिकटून बसू नका. भावार्थ बघा. एकदम वापरू नका, आधी काहीतरी करा. तेच म्हणायचंय ना तुम्हाला?"

पाटीकरांनी नम्रपणे नकार दिला. औषधवाले दुखावले. "मग 'दिवसातून तीनदा, जेवणानंतर' देऊ का? तेही चालतं लोकांना," ते म्हणाले, आणि त्यानंतर कित्येक दिवस पाटीकरांना खोकल्याचे औषध देताना ते मुद्दाम आपल्याच भाषेत बोलत राहिले.

अखेर वाट दाखवली ती पत्नीने. "आमच्याकडं एक म्हातारी बाई येतात पाकिटं टाकायला. शाळेत लॅटिन शिकवायच्या. रांगेतल्या लोकांच्या पाकिटांवरचे पत्तेसुद्धा सुधारून देतात."

"मी शिकवणीला जाऊ? या वयात? मला मंडळात पंडित म्हणायला लागलेत."

"मग पंडितांनी बसावं केसाळ पानं घेऊन. मला काय."

पाटीकर गेले. लॅटिनच्या बाई एका लांबट खोलीत राहत. खोलीत त्यांची एक खुर्ची होती आणि तिच्यासमोर दोन खुर्च्या एकीमागे एक मांडलेल्या होत्या. पाटीकर पुढच्या खुर्चीवर बसायला गेले.

"मागं बसा," बाई म्हणाल्या. "पुढं बसणारे उत्तर माझ्या चेहऱ्यावरून वाचतात. मी उभी आयुष्यभर शेवटच्या बाकापासून सुरुवात केली. पुढच्यांचे हात तसेही वर असतात. ज्याला खरं येतं, तो मागं बसून स्वतःचं नाव यायची भीती बाळगत असतो. बोला."

पाटीकर मागच्या खुर्चीवर बसले. का कोण जाणे, त्यांना तिथे एकदम घरच्यासारखे वाटले. त्यांनी वाक्य सांगितले. बाईंनी चहाचा एक घोट घेतला आणि दुसरा घ्यायच्या आत म्हणाल्या, "एक्स्पेक्ताते, अधूक तेम्पेरामुस."

इतकेच. ज्यासाठी पाटीकर उद्यानातल्या यच्चयावत तणांच्या पाट्या उलट्यापालट्या करत हिंडले होते, ते दोन घोटांच्या मधल्या जागेत मावले होते. या भाषेत माणसे थांबत होती, जुळवत होती, श्वास घेत होती. त्यांनी ते वाक्य बाईंकडून कागदावर लिहून घेतले आणि कागद खिशात घातला.

मंडळात त्यांनी तो कागद वाचला. कुणी केले, हे कुणी विचारले नाही. पाटीकर फक्त खाकरले.

वाक्य सर्वांना आवडले. इथे ही हकिकत संपायला हरकत नव्हती. पण ल्यूट वाजवणाऱ्या माणसांसमोर तुम्ही कोणतीही वस्तू ठेवा, ती जुळलेलीच आहे यावर त्यांचा विश्वास बसत नाही. डॉक्टरीणबाईंनी ते दोनदा उच्चारून पाहिले आणि त्यांना पहिला शब्द किंचित चढलेला वाटला. 'थांबा' हे फार हुकमी होते. एखादी विनंती आत यावी. पाटीकर बाईंकडे जाऊन विनंती घेऊन आले. विनंती आल्यावर दुसऱ्या खुर्चीला 'अजून' उतरल्यासारखे वाटू लागले. तिसरीला 'जरा' हवे होते, ते आणल्यावर विनंती पुन्हा खटकू लागली. घड्याळजींचे म्हणणे असे, की शेवटचा शब्द योग्य आहे पण उशिरा येतो. प्रत्येक बैठकीत वाक्य पहिल्या खुर्चीपासून निघे, हातोहात पिळले जाई, आणि शेवटच्या खुर्चीपाशी पोहोचेपर्यंत पहारेकरी किल्ल्या वाजवू लागे.

"कोण बदलतंय हे सारखं?" लॅटिनच्या बाईंनी एकदा विचारले.

"मंडळ."

"मंडळाला लॅटिन येतं?"

"नाही."

"मग बदलतात कशाच्या आधारावर?"

"कानाच्या," पाटीकर म्हणाले, आणि मागच्या खुर्चीवर आणखी थोडे मागे सरकले.

पितळी अक्षरे कापणारा कारागीर तिकडे वाट पाहून कंटाळला. त्याने मंडळाचे नाव कापून ठेवले आणि निरोप पाठवला, की वाक्य पक्के झाल्याखेरीज तो करवतीला हात लावणार नाही. आजवर त्याने इतकी नावे कापली, पण दर आठवड्याला लांबी बदलणारे वाक्य त्याच्या पाहण्यात नव्हते.

अशात व्यवस्थापकांचे बोलावणे आले. डॉक्टरीणबाई आणि पाटीकर त्यांच्या कचेरीत गेले. व्यवस्थापक तरुण होते, नेमस्त होते, आणि त्यांच्या मेजावर इतक्या कमी वस्तू होत्या, की समोरच्याला स्वतःचे हात कुठे ठेवावेत ते कळेना.

"परकीय भाषेतलं ब्रीदवाक्य असेल, तर ते आक्षेपार्ह नाही असा दाखला लागेल," ते म्हणाले. "ती भाषा जाणणाऱ्या माणसाचा."

"गायकवृंदाकडून घेतला होता का तुम्ही?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"त्यांच्यानंतरच हा नियम केला. आता काय लिहिलंय ते आम्हाला कळत नाही, आणि काढायला सांगावं तर टोपी काढणारे लोक नाराज होतात."

"मग सोपं आहे," डॉक्टरीणबाई प्रसन्न झाल्या. "आमचे पाटीकर देतील दाखला."

"भाषांतर कुणी केलं?"

"यांनीच."

"मग यांना देता येणार नाही. भाषांतर करणारा आणि दाखला देणारा एकच नको. दुसरा माणूस आणा."

दुसरा माणूस गावात एकच होता. डॉक्टरीणबाईंनी स्वतः जाऊन लॅटिनच्या बाईंना रिक्षाने कचेरीत आणले. पाटीकर रिक्षात पुढे, चालकाशेजारी बसले होते आणि रस्त्यातले प्रत्येक झाड त्यांना तिरप्या अक्षरांत निरोप देत होते. बाईंनी कागद डोळ्यांपाशी नेला.

"मी दाखला कसा देऊ? वाक्य माझंच आहे. शाळेत आम्ही स्वतःचे पेपर स्वतः तपासत नव्हतो."

डॉक्टरीणबाई पाटीकरांकडे वळल्या. किडलेल्या दाढेकडे पाहावे, तसे त्यांनी पाहिले: रागाने नव्हे, काढायची की ठेवायची या विचाराने. पाटीकर या वेळी खाकरले नाहीत.

व्यवस्थापक मात्र खुलले. "मग झालं की. भाषांतर बाईंचं, दाखला यांचा." त्यांनी मजकूर सांगितला आणि पाटीकरांनी आपल्या त्या सुप्रसिद्ध वळणदार अक्षरांत स्वतःच्या मानहानीचा दाखला लिहून दिला. सहीखाली हुद्दा लिहायचा होता. ते बराच वेळ थांबले. मग त्यांनी लिहिले: 'लॅटिन जाणकार (वनस्पती)'.

"हे कंसातलं काढा," व्यवस्थापक म्हणाले.

"राहू दे," पाटीकर म्हणाले. "तेवढंच खरं आहे."

बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्याशी माझं वैर नाही हं, पाटीकर. पण ठराव ठराव असतो. भाषांतर करणारा पहिल्या खुर्चीवर."

"पण बाईंना ल्यूट येत नाही."

"ठरावात तसं म्हटलेलं नाही."

त्या संध्याकाळी पाटीकर स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले, पण वाद्य पेटीतून काढले नाही. पत्नी कपाटाच्या कप्प्यांत कागद अंथरत होती. थोड्या वेळाने ती पाठमोरीच म्हणाली, "आज वाजवणार नाही का?"

"कशाला."

"मला कागद कापायला बरं पडतं. त्याच्यावर हात चालतो."

पाटीकरांनी वाद्य काढले. माणसाच्या कलेला अखेर कुणीतरी उपयोग शोधला, यात त्याने समाधान मानावे की नाही, हा प्रश्न त्यांनी तूर्त तसाच ठेवला आणि वाजवायला सुरुवात केली.

वार्षिक दिन उजाडला तरी वाक्य पक्के झाले नव्हते. आदल्या बैठकीत ते पाचव्या खुर्चीपर्यंत जाऊन अडले होते. दारावर पितळी अक्षरांत फक्त मंडळाचे नाव होते आणि त्याखाली मोकळी, चकचकीत, निर्विकार फळी. व्यवस्थापक तपासणीला येणार होते. जिन्याच्या कोपऱ्यात स्मरणशक्तिवर्धन वर्गाची माणसे येऊन उभी होती. कशासाठी आलो, हे ती एकमेकांना विचारत होती. घड्याळजींनी घाईघाईने एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिले, 'जरा थांबा, जुळवतो आहोत', आणि तो पुठ्ठा मोकळ्या फळीवर अडकवून दिला. हेतू एवढाच, की व्यवस्थापकांना कळावे, ब्रीदवाक्याचे काम चालू आहे.

व्यवस्थापक आले. त्यांनी नाव वाचले. पुठ्ठा वाचला. पुन्हा वाचला.

"छान आहे," ते म्हणाले. "आणि आपल्याच भाषेत केलंत हे फार बरं झालं. याला दाखल्याचीसुद्धा गरज नाही." त्यांनी पाटीकरांच्या दाखल्याची घडी घालून ती पाटीकरांच्याच हातात ठेवली आणि ते गायकवृंदाकडे वर गेले.

खोली वाचली होती. ज्या वाक्यासाठी इतके महिने तारा तुटेपर्यंत ताणल्या, ते पहिल्या दिवशी जसे होते तसेच दारावर लटकत होते. मंडळींनी एकमेकांकडे पाहिले नाही. सगळे मुकाट्याने आत जाऊन आपापल्या खुर्चीवर बसले.

श्रोते आले. पाटीकरांची पत्नी पोस्टातून परस्पर आली आणि भिंतीकडेच्या खुर्चीवर बसली. औषधवालेही आले होते. राग पुरता गेलेला नसल्यामुळे ते दाराजवळ उभे राहिले. लॅटिनच्या बाईंना पहिल्या खुर्चीवर बसवण्यात आले आणि डॉक्टरीणबाईंनी आपले वाद्य त्यांच्या मांडीवर ठेवले. बाईंनी ते दुसऱ्याचे मूल धरावे तसे अवघडून धरले.

"आता आपण सूर दाखवायचा," डॉक्टरीणबाई त्यांच्या कानाशी म्हणाल्या. त्या स्वतः आज दुसऱ्या खुर्चीवर होत्या आणि उगाच इकडेतिकडे हलत होत्या.

"मला येत नाही."

"म्हणजे एखादी तार नुसती छेडली तरी चालेल."

"मला जे येत नाही, ते मी वर्गासमोर करत नाही," बाई म्हणाल्या.

मोठाच पेच पडला. पहिली खुर्ची वाजल्याखेरीज दुसरी जुळू शकत नव्हती, दुसरीशिवाय तिसरी नाही. इतिहासात प्रथमच मंडळाची जुळवणी लांबली नव्हती, ती सुरूच होत नव्हती. श्रोते खुर्च्यांत चुळबुळले. घड्याळजींनी खिशातले घड्याळ काढले, पाहिले, आणि आपणच दुरुस्त केलेल्या त्या वस्तूवर त्यांचा विश्वास बसेना. जुडगा हातात घेतलेला पहारेकरी नेहमीपेक्षा लवकर दारात येऊन उभा राहिला होता. त्यालाही ही शांतता अनोळखी होती.

लॅटिनच्या बाईंनी रांगेवरून नजर फिरवली. पुढच्या खुर्च्यांवरचे सगळे काहीतरी सांगायला पुढे झुकलेले होते. त्यांच्यावरून ती नजर सवयीने, उभ्या आयुष्याच्या सवयीने, थेट टोकाला गेली.

"शेवटच्या बाकावरचे. उभे राहा."

पाटीकर वाद्यासकट उभे राहिले.

"तुम्हाला काय येतं?"

"एक नाच येतो, बाई. छोटा आहे."

"अभ्यास केलाय?"

"पुष्कळ वर्षं."

"मग म्हणा."

"बाई, अजून जुळवायचं राहिलंय," पाटीकर म्हणाले, आणि त्यांचा हात आपसूक खुंटीकडे गेला. सारी रांग त्या हाताकडे पाहत होती. तो हात म्हणजे मंडळाची घटना होती, परंपरा होती, सभ्यता होती.

"हात खाली," बाई म्हणाल्या.

हात खाली आला. खाली येता येता तो तारांवर पडला, आणि नाच सुरू झाला.

कुठली तरी तार उतरलेली होती. पाटीकरांना ते पहिल्याच वळणावर कळले. पण आता थांबायला जागा नव्हती. रिकाम्या दालनातून ते सावकाश चालत निघाले. खिडक्या मागे पडत गेल्या, कुठूनशी धूळ उजेडात तरंगत आली, पाऊल चुकेल चुकेल वाटले आणि चुकले नाही. समोर माणसे बसली आहेत हे ते मधेच विसरले. भिंतीकडेला पत्नीची बोटे पर्सच्या कडेवर कात्रीसारखी हलत होती, तेवढे त्यांना दिसले. ते दारापाशी पोहोचले, नेहमीसारखे उगाच थबकले, आणि बाहेर पडले.

पहारेकऱ्याने जुडगा मुठीत घट्ट आवळून धरला होता, आवाज होऊ नये म्हणून. मंडळात आजवर वाजवून झाल्यानंतर काय करायचे असते, ते कुणाला ठाऊक नव्हते. त्यामुळे काही वेळ कुणीच काही केले नाही. पहिली टाळी दाराजवळून आली. ती औषधवाल्यांची होती, आणि ती वाजवल्याबद्दल त्यांचे त्यांनाच वाईट वाटलेले दिसत होते.

"बसा," लॅटिनच्या बाई म्हणाल्या. मग डॉक्टरीणबाईंकडे वळून त्यांनी विचारले, "हे असं सगळेजण का करत नाहीत?"

यावर मंडळाने पुढे एक उपसमिती नेमली.

कार्यक्रम संपल्यावर डॉक्टरीणबाई पाटीकरांपाशी आल्या. त्यांनी आधी इकडेतिकडे पाहिले. "पाटीकर, तुमची चौथी तार उतरली होती."

"हो. कळलं मला."

"बरीच उतरली होती," त्या म्हणाल्या. आणि जाता जाता अगदी हळू, दुखणाऱ्या हिरडीला धक्का लागू नये इतक्या हळू, म्हणाल्या, "शेवटी ते दाराशी थांबल्यासारखं होतं ना, ते मला शिकवाल का?"

पाटीकर आणि त्यांची पत्नी चालत घरी निघाले. वाद्याची पेटी पत्नीने घेतली होती. उद्यानाच्या कुंपणाजवळून जाताना पाटीकरांनी खिशातला दाखला काढला, एकदा वाचला, आणि परत ठेवून दिला.

"चौथी तार उतरली होती," ते म्हणाले. "एवढ्या वर्षांनी वाजवायला मिळालं आणि नेमकी तीच उतरावी. डॉक्टरीणबाईंनाही कळलं."

"ती तर घरीही उतरलेलीच असते," पत्नी म्हणाली. "पहिल्यापासून. मला वाटायचं, ते गाणं तसंच आहे."

पाटीकर थांबले. पेटी पत्नीच्या हातातून घेऊन त्यांनी तिथेच कुंपणाच्या कट्ट्यावर ठेवली, झाकण उघडले आणि चौथ्या तारेच्या खुंटीला बोट लावले. पत्नी शेजारी उभी राहून वाट पाहू लागली. तिला याची सवय होती.

थोड्या वेळाने त्यांनी खुंटी न पिळताच बोट काढून घेतले, झाकण लावले आणि पेटी उचलली.

"झालं जुळवून?" तिने विचारले.

"चल," पाटीकर म्हणाले.